गाडी चालवताना हाताने इशारा करणं आपण सोडून दिलंय का?

घाटमाथा

शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेत हाताच्या इशाऱ्यांची चित्रं आजही विचारतात. मुलं ती पाठ करतात, पास होतात आणि रस्त्यावर आल्यावर परत कधी वापरत नाहीत. ज्यांच्या वाहनाला इंडिकेटरच नाही, म्हणजे सायकलवाले, बैलगाडीवाले, हातगाडीवाले, तेही बहुतेकदा काहीच खूण न करता वळतात. दुचाकीवाल्याचा पाय बाहेर येतो, रिक्षावाल्याचाही येतो. त्या पायाचा अर्थ वळतोय, थांबतोय की नुसता पाय मोकळा केलाय, हे मागच्याने ओळखायचं.

माझं म्हणणं असं की इंडिकेटर असला तरी हात यायलाच हवा. इंडिकेटर फक्त डावं-उजवं सांगतो. 'वेग कमी करतोय', 'थांबणार आहे', 'तुम्ही पुढे जा' हे आधी सांगायला गाडीत दिवाच नाही. ब्रेकचा दिवा लागतो तेव्हा पाय ब्रेकवर पडलेला असतो, म्हणजे मागच्याला सूचना मिळते ती गोष्ट सुरू झाल्यावर.

१९८९ च्या रस्ता नियमावलीत पाच इशारे दिले होते. वेग कमी करायचा असेल तर उजवा हात बाहेर लांब करायचा, तळवा जमिनीकडे, आणि हात काही वेळा वर-खाली करायचा. थांबायचं असेल तर कोपरापासून पुढचा हात उभा धरायचा, तळवा उजवीकडे. उजवीकडे वळायचं असेल तर हात आडवा सरळ, तळवा पुढच्या दिशेला. डावीकडे वळायचं असेल तरी उजवाच हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा, कारण चालकाला खिडकी उजव्याच बाजूला असते. आणि मागच्याला पुढे जाऊ द्यायचं असेल तर हात आडवा ठेवून मागून पुढे अर्धगोलात हलवायचा.

कागदावर हे पाच वेगळे दिसतात. पण मागून बघा. बाहेर काढलेला हात गोल फिरतोय की नुसता वर-खाली होतोय, हे तीस-चाळीस फुटांवरून पटकन कळत नाही. म्हणून डावीकडचा गोल मोठा आणि सावकाश काढायला हवा, खांद्यापासून. मनगटातून फिरवलेला हात कुणाला दिसत नाही.

तुमच्याकडे कोण अजून हात वापरतं? घाटात, उसाच्या रस्त्यावर, शहरात? आणि परदेशात राहणाऱ्यांनीही लिहा.

लालपरी

छान विषय. माझे वडील एसटीत चालक होते. पोलादपूर ते महाबळेश्वर, आंबेनळीचा घाट ही त्यांची नेहमीची वाट. त्या काळच्या गाडीत चालकाचा उजवा हात म्हणजे गाडीचा भागच असायचा. उन्हाळ्यात शर्टाची उजवी बाही फिकी पडलेली, कोपरापासून खाली हात काळवंडलेला.

घाटात मागे जीप किंवा मोटारसायकल खोळंबली की ते लगेच हात देत नसत. आधी पुढचं वळण दिसेपर्यंत गाडी न्यायची, समोरून काही येत नाही याची खात्री करायची, गाडी डावीला दाबायची, आणि मग हात. घाईघाईत 'जा जा' करणाऱ्या चालकांचा त्यांना राग यायचा. ते म्हणायचे, आपण हात दिला की मागचा डोळे मिटून येतो, त्यामुळे हात देण्याआधी त्याच्या वतीनेही आपणच बघायचं.

कंडक्टरचीही भाषा होती. एक घंटी थांबायला, दोन निघायला, हे सगळ्यांना माहीत आहे. पण स्टँडवर गाडी मागे घेताना तो खाली उतरून पत्र्यावर थाप मारत 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणायचा आणि थाप थांबली की गाडी थांबायची. अरुंद गावातून जाताना डाव्या खिडकीतून हात काढून सायकलवाल्याला बाजूला धरायला सांगायचा. डावी बाजू चालकाला दिसत नाही, ती कंडक्टरची.

सरळरेषा

धागाकर्त्याचा हेतू चांगला आहे, पण मी सहमत नाही. मी रोज मुंबईत पश्चिम द्रुतगती मार्गावरून जातो. तिथे दोन गाड्यांच्या मधून दुचाकी वीतभर अंतराने निघते. अशा ठिकाणी उजवा हात बाहेर काढणं म्हणजे हात मोडून घेणं. शिवाय काचा बंद, एसी चालू. काच खाली करून हात काढेपर्यंत वळण येऊन जातं.

आणि समजा मी अचूक इशारा केला. मागच्याला तो वाचता येतो का? तुम्हीच म्हणता की परीक्षेनंतर सगळे विसरतात. ज्या खुणेचा अर्थ समोरच्याला माहीत नाही ती खूण केल्याने उलट गोंधळ वाढेल. त्यापेक्षा इंडिकेटर वेळेवर लावायची सवय लावा. निम्मे लोक तेही वळल्यावर लावतात.

दोन चाकं

सरळरेषा, गर्दीतल्या चारचाकीपुरतं तुमचं पटलं. दुचाकीचं गणित मात्र वेगळं आहे.

दुचाकीचा ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक दोन्ही उजव्या हाताला. उजवा हात काढला की रेस सुटते, गाडी आपोआप हळू होते, आणि पुढचा ब्रेक हाताशी राहत नाही. जुन्या गिअरच्या स्कूटरला क्लच आणि गिअर डाव्या हातात, त्यामुळे वळणाआधी गिअर उतरवताना डावाही गुंतलेला. म्हणून ज्यांना स्कूटर नीट शिकवली गेली त्यांना क्रम शिकवला जायचा: आरशात बघ, हात दाखव, हात परत मुठीवर आण, मग ब्रेक, मग गिअर, मग वळ. हात दाखवत दाखवत कुणी वळत नाही. वळताना दोन्ही हात हँडलवरच हवेत.

इशारा वळणाच्या बऱ्याच आधी व्हायला हवा तो यासाठीच. वळणावर पोचून हात काढणारा स्वतःही धोक्यात आणि मागचाही.

आणखी एक. आपल्याकडच्या बहुतेक दुचाकींचा इंडिकेटर वळण झाल्यावर आपोआप बंद होत नाही. कारचा स्टिअरिंग सरळ झाल्यावर सुटतो, दुचाकीचा अंगठ्याने दाबून बंद करावा लागतो. त्यामुळे उजवा इंडिकेटर लावून दोन किलोमीटर सरळ जाणारे आपण रोज बघतो आणि हळूहळू दुचाकीच्या इंडिकेटरवर कुणाचाच विश्वास राहत नाही. हात मात्र कुणी विसरून बाहेर ठेवत नाही. मी आता सिंहगड रोडवर उजवीकडे वळताना दोन्ही करते, इंडिकेटर आणि हात. हात पाहिला की मागचा खरंच थांबतो. पिवळ्या दिव्याकडे बघून थांबेलच असं नाही.

कृष्णाकाठ

कराड-सांगली पट्ट्यातून लिहितोय. गळीत हंगामात आमच्या रस्त्यावर ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या ऊस. तिथे हात चालत नाही, हे आधी सांगतो.

ट्रॅक्टरवाला मधोमध बसतो. त्याने हात कितीही लांब केला तरी उसाच्या भाऱ्याच्या बाहेर येत नाही. मागच्या ट्रॉलीच्या मागे असलेल्याला ट्रॅक्टर दिसतच नाही, चालक कुठला दिसणार! उसाचे शेंडे लोंबून मागचे दिवेही झाकतात. समोरून येणाऱ्याला हात दिसतो, मागच्याला काही नाही. आणि ही वाहतूक दिवसापेक्षा रात्री, पहाटे जास्त.

म्हणून आमच्याकडे खरा उपाय मागच्या ट्रॉलीच्या पाठीला रिफ्लेक्टर, आणि मुख्य रस्ता सोडून आत वळताना एका माणसाने खाली उतरून मागची वाहनं थांबवणं. तो मागे उभा राहून दोन्ही हात आडवे करतो. अंधार असेल तर बॅटरी. ज्यांच्याबरोबर माणूस असतो ते हे करतात. एकटा चालक असेल तर तो देवाच्या भरवशावर वळतो, आणि अपघात होतात ते तिथेच. ऊस घेऊन येणाऱ्या बैलगाड्यांचं तर त्याहून अवघड. गाडीवान पुढे, भारा मागे, आणि पाठीला एक लाल कापड. घाटमाथा, तुमच्या पाच इशाऱ्यांत या माणसाची सोय नाही.

घाटमाथा

कृष्णाकाठ, हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. इशारा करणारा आणि बघणारा यांच्यामध्ये नजर पोचायला हवी, ही पहिली अट. उतरून उभा राहणारा माणूस हा सहावा इशारा धरू या.

सरळरेषा, कायद्याबद्दल थोडं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२१ बघा. चालकाने ठरवून दिलेले इशारे करायचे असं ते आधी सांगतं. मग पुढे सवलत येते: स्टिअरिंग उजवीकडे असलेल्या गाडीत डावं-उजवं वळणं आणि थांबणं हे यांत्रिक किंवा विजेच्या साधनाने दाखवलं तरी चालेल. स्टिअरिंग डावीकडे असेल तर मात्र साधनानेच दाखवायला हवं, कारण त्या चालकाचा हात रस्त्याच्या मधल्या बाजूला पोचत नाही. म्हणजे कायद्याच्या रचनेत मूळ इशारा हाताचा आणि इंडिकेटर ही दिलेली मुभा. १९८९ ची नियमावली २०१७ मध्ये नव्याने आली, तरी कलम १२१ तसंच आहे. हात जुना झाला, मोडीत निघाला असं कायदा म्हणत नाही.

मालट्रक

वीस चाकं, चौदा चाकं चालवणाऱ्यांची बाजूही ऐका. आमचं वाहतुकीचं काम आहे, घरात तीन पिढ्या ट्रक.

घाटात ट्रकचा उजवा इंडिकेटर सुरू झाला तर मागच्याने काय समजायचं? अर्धे चालक तो 'जा, रस्ता मोकळा आहे' म्हणून लावतात. अर्धे 'येऊ नको, समोरून गाडी आहे' म्हणून. आणि काही जण खरोखरच उजवीकडे वळणार असतात. एका दिव्याचे तीन अर्थ, आणि त्यातला एक चुकला तर माणूस जातो. महाराष्ट्राबाहेर गेलं की अर्थ अजून बदलतात.

हातात ही अडचण नाही. मोकळा सोडलेला, मागून पुढे झुलणारा हात म्हणजे जा. ताठ, आडवा, न हलणारा हात म्हणजे मी उजवीकडे येतोय, तिथेच राहा. कन्याकुमारीपासून जम्मूपर्यंत हेच समजतात. पूर्वी डाव्या बाजूला क्लिनर असायचा, तो दार बडवून, हात काढून डावी बाजू सांभाळायचा. आता बऱ्याच गाड्यांवर क्लिनर परवडत नाही, चालक एकटाच असतो.

आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय. चालकाच्या दृष्टीने फार चांगली गोष्ट आहे. इंजिनच्या उष्णतेत दहा-बारा तास बसणाऱ्यालाच त्याची किंमत कळते. पण काच बंद झाली की हात आत राहणार. मग घाटात मागच्याला 'जा' कसं सांगायचं, याचा एकच पक्का अर्थ असलेला पर्याय कुणीतरी ठरवायला हवा. सध्या आमच्या चालकांना आम्ही सांगितलंय: इंडिकेटरने कुणाला पुढे बोलवायचं नाही. उजवा दिवा फक्त उजवीकडे जायचं असेल तेव्हाच. बोलवायचं असेल तर डावीकडे दाबा, वेग कमी करा, मागचा स्वतः बघून ठरवेल.

सरळरेषा

मालट्रक, हे वाचून माझं मत बदललं, निदान घाटापुरतं. एका दिव्याचे तीन अर्थ हे मी स्वतः कसाऱ्याला अनुभवलंय आणि दर वेळी जीव मुठीत धरून पुढे गेलोय. शहरातल्या चारचाकीबद्दल मात्र अजून तेच म्हणेन.

गार्डन स्टेट

न्यू जर्सीतून. इथून भारतात येऊन गाडी किंवा सायकल चालवणाऱ्यांसाठी एक सावधगिरीची सूचना.

अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, त्यामुळे सगळे इशारे डाव्या हाताने. हात आडवा सरळ म्हणजे डावीकडे, कोपरातून वर उभा म्हणजे उजवीकडे, कोपरातून खाली म्हणजे थांबतोय. आता भारतात कोपरातून उभा हात म्हणजे काय? थांबतोय. इथे वाढलेल्या आपल्या मुलांना शाळेत सायकलचे हेच इशारे शिकवतात आणि सुट्टीत पुण्याला आल्यावर ती तेच करतात. माझ्या मुलीला मी सांगितलंय, भारतात सायकलवर ज्या बाजूला वळायचं तो हात त्या बाजूला सरळ लांब कर, बाकी काही नको.

कालव्याकाठी

गार्डन स्टेट यांचा शेवटचा सल्ला म्हणजे नेदरलँड्सची अख्खी पद्धत! मी उट्रेख्टला राहते. इथे सायकलस्वाराने वळताना हात दाखवायचा असतो, आणि प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षांत मुलांची रस्त्यावरची परीक्षा होते. ठरलेल्या वाटेने सायकल चालवायची आणि कोपऱ्याकोपऱ्यावर स्वयंसेवक टिपणं घेत उभे असतात: खांद्यावरून मागे पाहिलं का, हात दाखवला का, उजवीकडच्याला आधी जाऊ दिलं का.

मला यातलं मागे बघणं सर्वात महत्त्वाचं वाटतं. माझा मुलगा शिकत होता तेव्हा हात काढला की त्याची सायकल त्या बाजूला वाकायची. शाळेतल्या बाईंनी त्याला आधी रिकाम्या मैदानात नुसतं मागे वळून बघत सरळ रेषेत चालवायला लावलं. ते जमल्यावर एका हाताने चालवणं. आणि मग इशारा. आपल्याकडे आधी हात दाखवायला सांगतात, तोल कुणी शिकवत नाही.

लीड्सकर

इंग्लंडमध्ये गाडीच्या परीक्षेत हाताचे इशारे करून दाखवावे लागत, ते १९७५ मध्ये काढून टाकले. पण हायवे कोडमध्ये, म्हणजे इथल्या रस्ता नियमांच्या पुस्तिकेत, ते अजून आहेत आणि झेब्रा क्रॉसिंगजवळ हळू होताना हाताचा वापर उपयोगी पडू शकतो असा सल्लाही आहे. कारण सोपं आहे. पादचारी समोर असतो आणि ब्रेकचा दिवा मागे. तुम्ही थांबताय हे त्याला दिव्यावरून कळणं शक्यच नाही.

शिकवणारी ताई

मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवते. उशिरा आले, सगळं वाचलं.

आमच्याकडे येणाऱ्यांना मी पहिल्या आठवड्यात काच खाली ठेवूनच गाडी चालवायला लावते. पावसाळा सोडून. कारण हात बाहेर काढायची भीती आधी मोडावी लागते. एका हाताने स्टिअरिंग सरळ धरता येत नसेल तर गिअरही नीट टाकता येत नाही, म्हणजे तो सराव वाया जात नाही. उजवा हात बाहेर असताना गाडी रस्त्याच्या रेषेपासून हलली नाही की मगच मी वळणावर नेते.

सरळरेषा यांना एक विचारते. तुमच्या गाडीचा इंडिकेटर बिघडलाय हे तुम्हाला कसं कळतं? आतल्या टिकटिकीकडे कान ठेवा. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकायला हवा. एका बाजूची टिकटिक अचानक जलद झाली तर बहुतेकदा त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असतो. बरेच जण ते महिनोन्‌महिने तसंच चालवतात. ब्रेकच्या दिव्याचं तर आतून काही कळतच नाही. रात्री दुकानाच्या बंद शटरकडे पाठ करून गाडी लावा आणि ब्रेक दाबा, लाल उजेड शटरवर पडला तर दिवा आहे. दिवा गेलेला असेल आणि गॅरेज लांब असेल तर घरी पोचेपर्यंत हातच. त्या दिवसासाठी तरी पाच इशारे यायला हवेत.

आणि मावळतीच्या उन्हात गाडी चालवत असाल तर बघा, ऊन मागून थेट दिव्याच्या काचेवर पडलं की पुढच्या गाडीचा पिवळा दिवा लागलाय की नाही हे उमगत नाही. माणसाचा हात तेव्हाही दिसतो.

चारही दिवे एकदम लावून चौकातून सरळ जाणारे मला सर्वात जास्त छळतात. ते लावल्यावर डावा-उजवा कळायचा मार्गच बंद होतो. ते दिवे उभ्या, अडकलेल्या गाडीसाठी आहेत, हे मी प्रत्येक तुकडीला सांगते.

दोन चाकं

ताई, शटरची युक्ती आज रात्रीच करून बघते.

सायकलवाल्यांना एक विचारायचंय. डावीकडे वळताना नियमावलीतला उजव्या हाताचा गोल करायचा की सरळ डावा हात? आमच्या सोसायटीतल्या मुलांना शिकवायचंय, एकच काहीतरी सांगावं लागेल.

घाटमाथा

मी डावा हात सांगेन. तो गोल बंद डब्यात बसलेल्या चालकासाठी आहे, ज्याला डावीकडे हात काढायला जागाच नाही. सायकलवरचा माणूस सगळीकडून दिसतो. डावा हात खांद्याच्या रेषेत सरळ केला तर कुणालाही शिकवावं लागत नाही.

फक्त ब्रेकचं बघा. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींचा उजवा ब्रेक पुढच्या चाकाला आणि डावा मागच्या चाकाला असतो. उजवा हात काढला की मागचा ब्रेक हातात राहतो, त्यात फारसा धोका नाही. डावा हात काढला की उरतो तो पुढचा, आणि घाबरून तो जोरात दाबला तर मूल हँडलवरून पुढे फेकलं जाईल. प्रत्येक सायकलचे ब्रेक आधी तपासून घ्या, आणि मुलांना सांगा की डावा हात बाहेर काढण्याआधीच वेग कमी करून घ्यायचा.